जुनं गोल कॉलमवालं मिलिंग मशीन थरथरतंय, फिनिश येत नाही? स्पिंडल खोलायच्या आधी हे सगळं बघा

आधी लक्षणं सांगतो, तुमच्या मशीनला यातली कुठली लागू होतात बघा.

ॲल्युमिनियम छान कापतं, पण एमएसला (साध्या माइल्ड स्टीलला) कटर टेकला की खर्रर्र आवाज आणि जॉबवर बारीक बारीक लाटा. एका दिशेने पास ठीक येतो, उलट्या दिशेने तोच पास मारला की कटर जॉबला ओढून घेतो. १२ मिमीचा एंड मिल (टोकाने आणि बाजूने कापणारा कटर) लावून स्लॉट काढला आणि मोजला तर १२.१५ किंवा १२.२ भरतो. पास मारता मारता खोली आपोआप वाढत जाते. हँडव्हील पाव फेरा फिरवलं तरी टेबल जागचं हलत नाही. ड्रिल लावायला हेड वर घेतलं, परत खाली आणलं तर भोक सेंटरला नाही. मशीन नुसतं रिकामं चालू असताना धप धप धप असा ठराविक ठेका. आणि शेवटचं, अर्धा तास चालवल्यावर स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या दांड्याच्या) नाकाजवळ हात ठेववत नाही.

आता गंमत नाही, खरंच सांगतो, या यादीतलं शेवटचं लक्षण सोडलं तर बाकी कशातही बेअरिंग हा पहिला संशयित नाही. पण जुनं मशीन घेतलं की प्रत्येकाच्या डोक्यात बेअरिंगच येतं, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जाऊन नवीन सेट आणला जातो, स्पिंडल हातोडीने ठोकून बाहेर काढला जातो आणि मग जे मशीन फक्त ढिलं होतं ते खरोखरच बिघडतं. अशी मशीनं माझ्याकडे सतत येतात, त्यामुळे ज्या क्रमाने मी तपासतो तोच क्रम इथे देतोय, आधी फुकटातलं, मग थोड्या खर्चाचं, आणि स्पिंडल सगळ्यात शेवटी.

मशीन कुठलं आहे ते नक्की करा

हे सगळं मुख्यतः त्या तैवानी घाटणीच्या मिल-ड्रिलबद्दल आहे. जाड गोल कॉलम, साधारण ११५ मिमी व्यासाचा, वर पट्ट्याच्या पुलीचं मोठं झाकण, पुढे ड्रिल मशीनसारखे क्विलचे (स्पिंडल वरखाली नेणाऱ्या नळकांड्याचे) तीन दांडे, आणि हेड वरखाली करायला बाजूला क्रँक. तैवानच्या रोंग फूचं आरएफ-३० हा यातला सगळ्यात प्रसिद्ध नमुना. अमेरिकेत जेट, एन्को, ग्रिझली अशा नावांनी, इंग्लंडमध्ये वॉर्को नावाने याच घाटणीची मशीनं विकली गेली, त्यामुळे पाटी कुठलीही असो, पाटी नसो, वरून दोनदा रंग मारलेला असो, आतला सांगाडा तोच असतो. चौकोनी कॉलम आणि गिअर हेड असेल तर ते दुसरं कुळ, त्याला कॉलमबद्दलचा भाग लागू नाही, बाकी बहुतेक सगळं लागू आहे.

पाटीपेक्षा जास्त महत्त्वाचं म्हणजे स्पिंडलचा टेपर, म्हणजे कटरची पकड जिथे बसते ते निमुळतं भोक, कुठला. या मशीनमध्ये मुख्यतः दोन सापडतात, आर-८ आणि मोर्स टेपर ३. प्लग काढा, बॅटरी घेऊन खालून आत बघा. तोंडाशी आखूड आणि पसरट टेपर, त्याच्या वर सरळ भोक आणि आत भिंतीतून एक छोटी पिन डोकावतेय तर आर-८, त्याचं तोंड साधारण ३१.७५ मिमी म्हणजे सव्वा इंच. तोंड २४ मिमीच्या आसपास आणि टेपर सावकाश वरपर्यंत निमुळता होत गेलेला, पिन नाही, तर मोर्स ३. कधी कधी आर-८ मधली पिन आधीच्या मालकाने तोडलेली असते, म्हणून नुसत्या पिनवर जाऊ नका, तोंड मोजा.

हे पहिल्यांदा का, तर ड्रॉबारमुळे, म्हणजे कटर पकडणारा कोलेट टेपरमध्ये वर ओढून धरणाऱ्या लांब बोल्टमुळे. आर-८ चा ड्रॉबार ७/१६ इंच, इंचाला २० आट्यांचा. मोर्स ३ च्या कोलेटचा आटा १२ मिमी, ३/८ इंच किंवा १/२ इंच, जिथून आणले त्याप्रमाणे. जुन्या मशीनसोबत ड्रॉबार एका देशाचा आणि कोलेट दुसऱ्या देशाचे असा संसार सर्रास मिळतो. ७/१६ चा ड्रॉबार १२ मिमीच्या आट्यात दोन-तीन फेरे जातो आणि घट्ट लागतो, आपल्याला वाटतं बसला, प्रत्यक्षात तो टोकाच्या दोन आट्यांवर लटकलेला असतो. पास मारताना खोली वाढत जायचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. कोलेट हातात घेऊन ड्रॉबार बाहेरच बोटांनी लावून बघा, निदान आठ-दहा फेरे मोकळा गेला पाहिजे.

लीडस्क्रू (टेबल सरकवणारा लांब स्क्रू) इंची आहे का मेट्रिक हेही आत्ताच बघून ठेवा. टेबल एका दिशेने सरकवत बॅकलॅश (हँडव्हीलचा मोकळा फेरा) काढून टाका, हँडव्हीलचा डायल शून्यावर घ्या, व्हर्नियर लावा आणि हँडव्हील बरोबर २० फेरे फिरवा. ५०.८ मिमी सरकलं तर १० टीपीआयचा (इंचाला १० आटे) इंची स्क्रू, बरोबर ५० सरकलं तर अडीच मिमी पिचचा. एका फेऱ्यात हा फरक दिसत नाही, २० फेऱ्यांत लपत नाही. इंची स्क्रूला मेट्रिक समजून काम केलं की जॉब सतत थोडा थोडा चुकतो आणि लोक बॅकलॅशला शिव्या घालत बसतात.

फुकटातलं: कटर, स्पीड, फीड

नवा कोरा, नाव असलेल्या कंपनीचा एक एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) एंड मिल घ्या, चार धारांचा, १२ मिमी. शेजारच्याकडून आणलेला घासलेला कटर लावून मशीनची परीक्षा घेऊ नका, कारण बोथट कटर चांगल्या मशीनलासुद्धा थरथरवतो. कटर कोलेटमध्ये जेवढा आत जाईल तेवढा घ्या. बाहेर निघालेली लांबी दुप्पट झाली की वाकणं आठपट होतं, म्हणून हे फुकटातलं काम आधी.

एमएसला एचएसएस कटर मिनिटाला २५ ते ३० मीटर धरा, म्हणजे १२ मिमीला साधारण ७०० आरपीएम. पुलीच्या झाकणाच्या आत स्पीडचा तक्ता असतो, त्यातला जवळचा खालचा स्पीड घ्या. मशीन अमेरिकेतून आलेलं असेल आणि मोटर ६० हर्ट्झची असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर तक्त्यातले सगळे आकडे सहातले पाचच भाग धरायचे, १७२५ ची मोटर इथे १४४० च्या आसपास फिरते.

आणि फीड. इथे जवळजवळ सगळे घाबरून फार हळू फिरवतात. दर दाताला ०.०४ मिमी धरलं तर चार दात, ७०० आरपीएम, मिनिटाला ११२ मिमी, म्हणजे अडीच मिमीच्या स्क्रूवर चार सेकंदांत तीन फेरे. हाताने करून बघा, वाटतं त्यापेक्षा बरंच जलद आहे. हळू फिरवलं की दात कापत नाही, नुसता घासतो, जॉबची वरची कातडी कडक होते आणि थरथर तिथूनच सुरू होते.

दिशेचं पण इथेच सांगतो. कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध टेबल ढकलायचं, म्हणजे कापताना हँडव्हीलला थोडा विरोध जाणवला पाहिजे. उलट्या दिशेने कटर टेबलाला स्वतःच ओढतो आणि नटमधला जेवढा प्ले असेल तेवढी उडी मारतो. जुन्या मशीनवर त्या दिशेने फक्त शेवटचा फिनिशचा हलका पास, तोही लॉक थोडा आवळून.

कुलुपं आवळा, मग डायल लावा

ज्या स्लाइडने काम चालू नाही ती लॉक करायची. एक्समध्ये (डावीउजवीकडे) कापताय तर वाय (पुढेमागे) लॉक, क्विल लॉक, आणि हेडचे कॉलमवर आवळायचे जे दोन मोठे बोल्ट असतात ते दोन्ही पूर्ण टाईट. ऐकायला बाळबोध वाटेल पण जुन्या मशीनचे लॉकचे दांडे तुटलेले असतात, त्याजागी कोणीतरी साधा बोल्ट लावलेला असतो आणि मग पाना शोधायच्या कंटाळ्याने कोणी लॉक करतच नाही. दांडे आधी नवीन बसवा, खर्च अगदी किरकोळ आहे.

मग मॅग्नेटिक स्टँड टेबलावर, त्यावरच्या डायल इंडिकेटरचं (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचं) टोक स्पिंडलच्या नाकावर बाजूने. सगळं लॉक केलेलं, मशीन बंद, प्लग बाहेर. हेडला हाताने नेटाने ढकला आणि सोडा. काटा दोन-तीन शतांश (०.०२-०.०३ मिमी) हलला आणि सोडल्यावर जिथे होता तिथेच परत आला, तर ती कॉलमची लवचिकता, गोल कॉलममध्ये ती असणारच, तिच्यामागे लागू नका. काटा परत शून्यावर आलाच नाही, मध्येच कुठेतरी थांबला, तर काहीतरी ढिलं आहे. या सगळ्या दुरुस्तीत एवढी एकच चाचणी नीट शिकलात तरी पुरे, कारण यापुढच्या प्रत्येक जोडावर हीच लावायची आहे. ढिलं नेमकं कुठे हे शोधायला डायलचं टोक एक एक जोड पुढे न्या: टेबल आणि सॅडल (टेबलाखालचा सरकता भाग), सॅडल आणि बेस, कॉलमचा फ्लँज (खालची रुंद कड) आणि बेस, कॉलम आणि हेड, हेड आणि क्विल, शेवटी क्विल आणि स्पिंडल. जिथे काटा परत येत नाही तो जोड सापडला की निम्मं काम झालं.

कॉलमच्या फ्लँजचे बेसमध्ये जाणारे बोल्ट विसरू नका, वर्षानुवर्षं कोणी त्यांना हात लावलेला नसतो, वर रंग आणि मळाचा थर. तो खरवडून पाना लावला की बऱ्याचदा अर्धा फेरा सहज आवळले जातात. मशीन ज्या स्टँडवर आहे तोही बघा. एवढं अडीचशे-तीनशे किलोच्या घरातलं धूड पातळ अँगलच्या टेबलावर ठेवलं तर तो टेबलच डुलतो.

टेपर साफ करा, रनआउट मोजा

रॉकेलमध्ये भिजवलेली स्वच्छ सुती चिंधी लाकडी काठीला गुंडाळून टेपरच्या आत फिरवा, मग कोरडी फिरवा. कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे आत राहतात. मग बॅटरीने बघा. केसाएवढी एक चिप टेपरच्या भिंतीला चिकटून दाबली गेलेली असते, ती काळपट ठिपक्यासारखी दिसते आणि नखाला लागते. कोलेट तिच्यावर टेकतो, तिरका बसतो, आणि १२ चा स्लॉट १२.२ चा होतो. ती चिप पितळेच्या पट्टीने खरवडून काढा. टेपरच्या आत फाईल किंवा एमरी घालायची नाही, कितीही मोह झाला तरी. खोलगट ओरखडा असेल तर असू दे, तो काही करत नाही. वर आलेला उंचवटा त्रास देतो.

आता पट्टा काढून स्पिंडल हाताने फिरवत टेपरच्या आतल्या भिंतीला लिव्हर डायल लावा. रनआउट, म्हणजे फिरताना काटा जेवढा हलतो तो, पूर्ण फेऱ्यात एक शतांश म्हणजे ०.०१ च्या आत असेल तर उत्तम, ०.०२ पर्यंत मी काम चालवतो. आत ठीक आणि कोलेटमध्ये धरलेल्या गेज पिनवर (अचूक मापाच्या सरळ पिनवर) खराब, तर कोलेट बदला, स्पिंडलचा काही दोष नाही. आतच ०.०५ येत असेल तर मात्र खाली बेअरिंगच्या भागाकडे जावं लागेल.

इथे एक कळकळीचं सांगणं. ड्रिल चकमध्ये एंड मिल धरून मिलिंग करू नका. चकचे जबडे बाजूच्या जोरासाठी बनवलेलेच नसतात, आणि चक आर्बरला (स्पिंडलमध्ये बसणाऱ्या दांड्याला) नुसत्या टेपरवर चिकटलेला असतो, ड्रॉबार त्या जोडापर्यंत पोचतच नाही. थरथर सुरू झाली की तो जोड सुटतो आणि कटरसकट फिरता चक खाली येतो. बोटं जाऊ शकतात. मोर्स ३ चे कोलेट नसतील तर मिळेपर्यंत थांबा.

मोर्स ३ ला ड्रॉबार बेताने आवळा, तो टेपर मुळातच घट्ट चावतो. सोडवताना ड्रॉबार एक-दीड फेरा सैल करून वरून तांब्याच्या किंवा पितळेच्या हातोडीने एक टोला द्यायचा. ड्रॉबार जवळजवळ पूर्ण सैल करून ठोकलं तर शेवटच्या आट्यावर मार बसतो आणि तो फाटतो.

जिब

टेबलाचं टोक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा, डायल टेबलाच्या कडेला लावलेला. काटा हलला आणि परत आला नाही तर जिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) ढिला. पण आवळायच्या आधी साफ करा, ही पायरी कोणी करत नाही. जुन्या मशीनच्या स्लाइडमध्ये वाळलेलं तेल आणि कास्ट आयर्नची पूड मिळून काळा चिकट लगदा तयार होतो आणि त्याच्यामुळे जिब टाईट असल्याचा भास होतो. तो लगदा रॉकेलने धुऊन काढला की तेच टेबल खुळखुळतं, आणि तेव्हाच खरी स्थिती कळते.

या मशीनमध्ये जिब बहुतेक वेळा निमुळता असतो, दोन टोकांना किंवा एका टोकाला मोठ्या डोक्याचा स्क्रू. जाड टोकाकडचा स्क्रू आत गेला की जिब पाचरीसारखा घट्ट होतो, पण दुसऱ्या टोकाला स्क्रू असेल तर आधी तो सैल करायला लागतो आणि शेवटी परत टेकवायला लागतो, नाहीतर जिब काम करताना पुढेमागे सरकत राहतो आणि दोन दिवसांत पुन्हा तीच तक्रार. दुसऱ्या काही मशीनमध्ये सपाट पट्टी आणि बाजूने चार-पाच ग्रब स्क्रू असतात, तिथे मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला जायचं आणि प्रत्येक चेकनट आवळताना स्क्रू ॲलन कीने धरून ठेवायचा.

किती आवळायचं? स्लाइडला तेल लावून, हँडव्हील एका बोटाने नाही पण एका हाताने सहज फिरलं पाहिजे, पूर्ण लांबीभर. आता खरी अडचण इथे येते. मशीनचं आयुष्यभराचं काम टेबलाच्या मधल्या पट्ट्यात झालेलं असतं, त्यामुळे मधे झीज, टोकांना कोरंच. मधे बरोबर लावलं की टोकांना जाम होतं. अशा वेळी टोकांना जेमतेम सरकेल असं ठेवा, मधला थोडा प्ले लॉक अर्धवट आवळून सांभाळा. जिब कितीही आवळला तरी घासलेली स्लाइड भरून येत नाही.

तेल ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल. ग्रीस नको, ग्रीसमध्ये चिप्स आणि कास्टिंगची पूड अडकून बसते आणि स्लाइड खात राहते. कोकणात किंवा मुंबईत मशीन असेल तर पावसाळ्यात रोज काम झाल्यावर टेबलावर आणि कॉलमवर तेलाचा हात फिरवाच, एका रात्रीत लाल छटा येते. गंज आलाच असेल तर तेल आणि स्कॉच ब्राइट हलक्या हाताने, आणि टेबलावरच्या ठोकरांच्या कडा सपाट ऑइल स्टोनने. ग्राइंडर, वायर ब्रश लावलेली ड्रिल, यातलं काहीही स्लाइडच्या जवळ नेऊ नका. रंग सगळ्यात शेवटी, आणि जिथे दोन पार्ट एकमेकांवर बसतात तिथे रंगाचा थेंबही नको.

बॅकलॅश

हँडव्हील पाव फेरा मोकळं फिरतंय म्हणजे नट गेला, असं लगेच ठरवू नका. प्ले दोन ठिकाणी असतो. टेबल लॉक करा, हँडव्हील पकडून आत-बाहेर ओढा-ढकला, फिरवू नका. ते आत-बाहेर हलत असेल तर टोकाच्या ब्रॅकेटमधला थ्रस्टचा प्ले आहे, हँडव्हीलच्या मागचे नट थोडे आवळले की जातो, पैसे शून्य. तिथे हालचाल नाही आणि तरी मोकळं फिरतंय, तर लीडस्क्रूचा पितळी नट झिजलाय.

बऱ्याच मशीनमध्ये हा नट एका बाजूने चिरलेला असतो आणि चीर आवळायला त्यात ॲलन स्क्रू असतात. टेबल एका टोकाला नेऊन खालून हात घालावा लागतो, काहींमध्ये लीडस्क्रू बाहेर काढल्याशिवाय पोचता येत नाही. पाव पाव फेरा आवळत दर वेळी टेबल पूर्ण लांबीभर फिरवून बघा. ०.१ मिमीच्या आसपास आलं की थांबा. शून्य करायच्या नादात स्क्रूच्या न झिजलेल्या टोकांना नट चावतो आणि मग लीडस्क्रू खाल्ला जातो. चीर पूर्ण मिटली आणि तरी प्ले आहे, तर नवीन नट करून घ्या, चांगला टर्नर जुन्या नटावरून गनमेटलचा करून देतो. स्क्रू मधे बारीक झालेला दिसत असेल तर दोन्ही एकदम करा.

हेड वरखाली केलं की सेंटर हरवतो

हा दोष नाही, ही त्या गोल कॉलमची जातच आहे, दुरुस्त होत नाही, सांभाळावी लागते. बोल्ट सैल केले की हेड कॉलमभोवती फिरायला मोकळं. म्हणून काम सुरू करायच्या आधी सगळ्यात लांब ड्रिल आणि सगळ्यात आखूड कटर दोन्ही लावून बघा, आणि क्विलच्या साधारण १२५ मिमी स्ट्रोकमध्ये दोन्ही बसतील अशा उंचीवर हेड एकदाच लॉक करा. काहीजण हेडवर लेझर लावून समोरच्या भिंतीवर उभी रेघ आखतात. भिंत ३ मीटरवर असेल आणि रेघ १ मिमी चुकली, तर स्पिंडलपाशी साधारण ०.०७ ची चूक होते. ड्रिलिंगला चालतं. बोअरिंगला नाही, तिथे डायल लावून सेंटर परत पकडायचाच.

हेडचा कल मात्र दुरुस्त होतो. स्पिंडलमध्ये आडवा आर्म धरून डायल २०० मिमीच्या वर्तुळात टेबलावर फिरवा. पुढे-मागे ०.०३ च्या आत असेल तर सोडून द्या. पुढच्या बाजूला डायल जास्त दाबला जात असेल तर कॉलम पुढे झुकलाय, शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) फ्लँजच्या पुढच्या बोल्टांखाली. २०० मिमीवर ०.१० चा फरक आणि बोल्टांमधलं अंतर १५० असेल तर शिम ०.०७५ चा. बोल्ट काढायच्या आधी हेड खाली उतरवून मध्ये लाकडी ठोकळ्यावर टेकवा, दोघं असा, आणि सैल केल्यावर कोणीही त्याखाली हात घालायचा नाही.

पट्टा आणि मोटर

धप धप ठेका असेल तर पट्टे काढून नुसती मोटर चालवा. ठेका गेला तर दोष पट्ट्यात. मशीन वर्षभर बंद पडून होतं की पट्टा पुलीवर ज्या आकारात बसला होता त्या आकारात कडक होतो, आणि दर फेरीला तो बाक पुलीवर आपटतो. पट्ट्यावर नंबर छापलेला असतो, ए-३४ म्हणजे ए सेक्शन आणि आतली लांबी ३४ इंच, तोच नंबर घेऊन या. पट्टे काढूनही मोटर थरथरत असेल तर मोटरचं बेअरिंग किंवा पुली. रिकाम्या स्पीडला वरून येणारी स्पिंडलच्या स्प्लाइनची खडखड मात्र या मशीनमध्ये नेहमीचीच आहे, कटर कापायला लागला की ती थांबते, तिच्यासाठी काही उघडू नका.

मोटर नुसती गुणगुणते, हाताने धक्का दिला की फिरते, तर बहुतेक वेळा स्टार्ट कपॅसिटर. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, माहीत नसेल तर हात लावू नका. आणि मशीन बाहेरून आलेलं असेल तर मोटरची पाटी वाचल्याशिवाय प्लग लावायचाच नाही, ११० व्होल्टची मोटर २३० वर काही सेकंदांत जाते.

आता बेअरिंग

एवढं सगळं करूनही टेपरच्या आत रनआउट येतोय, किंवा स्पिंडलच्या नाकाखाली लाकडी पट्टी घालून वर उचललं की क्विल लॉक असताना काटा ०.०२-०.०३ हलतोय, तरच इकडे या. टेपर रोलर बेअरिंग असतात, आणि नवीन आणायच्या आधी त्यांचा प्रीलोड (नटाने आधीच दिलेला दाब) बघायचा. स्पिंडलच्या वरच्या टोकाला खाचांचा नट आणि पाकळीचा वॉशर असतो. पाकळी सरळ करा, नट अगदी थोडा, एका खाचेपेक्षा कमी फिरवा, पाकळी परत वाकवा. मग मधल्या स्पीडला अर्धा तास चालवा. नाकाजवळ कोमट ते गरम लागलं पाहिजे पण हात ठेवता आला पाहिजे. चटका बसतोय तर जास्त आवळलंय, लगेच थांबवा आणि सैल करा. ग्रीस बेअरिंगच्या मोकळ्या जागेच्या एक-तृतीयांशच, ठासून भरलं तर त्यानेच तापतं.

हाताने फिरवताना खरखर जाणवली किंवा रेसवर (बेअरिंगच्या कड्यांवर) खड्डे दिसले तरच बदला. नंबर रेसवर कोरलेला असतो, तो वाचून तसाच आणि नीट दुकानातून घ्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बेअरिंग प्रेसवर काढायला-बसवायला प्रेस नसेल तर क्विल सोडवून स्पिंडलसकट जाणकार फिटरकडे द्या, हातोडीने रेसवर मारलेलं नवीन बेअरिंग बसवतानाच खराब होतं. टेपरची भिंत फाटली असेल किंवा ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून बघितल्यावर एकाच बाजूला टेकत असेल तर स्पिंडल ग्राइंडिंगवाल्याकडे, आणि त्याला मशीनमध्येच, स्वतःच्या बेअरिंगवर फिरवून ग्राइंड करता येईल का हे आधी विचारा. स्लाइड मधे एवढी झिजली की टोकांना जाम आणि मधे ०.१ पेक्षा जास्त खुळखुळ, तर स्क्रेपिंग (हाताने खरवडून सपाट करणं) किंवा स्लाइड ग्राइंडिंग. हे घरी यूट्यूब बघून करायचं काम नाही, ते हाताने वर्षानुवर्षं केलेले लोक पुण्यात भोसरीकडे आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजही भेटतात. कास्टिंगला तडा दिसला, विशेषतः हेडच्या क्लॅम्पपाशी किंवा टेबलाच्या टी-स्लॉटमध्ये, तर मशीन चालवूच नका. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याच क्षणी प्लग काढा आणि अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियन, मोटर जळल्याचा वास असेल तर वाइंडिंगवाला.

ज्याच्याकडे द्याल त्याला नुसतं मशीन थरथरतं असं सांगू नका. वरच्या प्रत्येक जोडाला काटा किती हलला आणि परत आला की नाही, टेपरच्या आत किती, प्रीलोडनंतर किती तापलं, हे कागदावर लिहून मशीनसोबत द्या. तो नेमक्या जागी हात घालेल आणि स्लाइड करून घ्यायच्या नावाखाली अख्खं मशीन खोलून ठेवणार नाही.